आई-बाबांना घेऊन जुलैत क्वीन्सलंडचा समुद्र: गर्दी नको, लाटा नकोत, कुठे जावं?

गुहागर_ते_जिलाँग

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आई-बाबा मे महिन्यात आलेत आमच्याकडे जिलाँगला (मेलबर्नजवळ, इथे आत्ता हिवाळा) आणि तेव्हापासून आई हीटरसमोरून हललेली नाहीये, दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला स्कार्फ, आणि रोज एकच प्रश्न की तुमच्याकडे ऊन कधी पडतं गं. त्यामुळे ठरवलंय की जुलैच्या शाळेच्या सुट्टीत पहिल्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन वर उत्तरेला, उबेच्या क्वीन्सलंडला पळायचं. आम्ही सहा जण. मुलं ४ आणि ९ वर्षांची, आई ६६ (गुडघे दुखतात, जिने नकोत), बाबा ७१ आणि हे खरं टेन्शन. ते गुहागरचे, लहानपणापासून विहिरीत आणि समुद्रात पोहलेले, आणि "मला समुद्र शिकवू नका" हे पेटंट वाक्य. कुणाचं ऐकणार नाहीत.

गोल्ड कोस्ट आम्ही दोघं लग्नानंतर करून आलोय, ते उंच टॉवर आणि थीम पार्क यावेळी नको. शांत गाव, बीचला चालत जाता येईल असं किचनवालं अपार्टमेंट (आषाढी त्याच सुट्टीत येतेय, आईचा कडक उपास असतो), पाण्यात मुलांना निदान गुडघाभर तरी उतरता यावं. नूसा, मुलुलाबा, कलाउंड्रा, हर्वी बे अशी नावं ऐकलीत पण फोटोत सगळेच बीच सारखे दिसतात हो. अनुभव असलेल्यांनी सांगा ना प्लीज.

बापू_ब्रिस्बेनवाले

नूसा. डोळे झाकून नूसा.

कारण सांगतो. इथला बहुतेक किनारा पूर्वेला तोंड करून आहे, आग्नेयेकडून येणारी लाट थेट अंगावर येते. नूसाचा मेन बीच मात्र उत्तरेला तोंड करून आहे आणि बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर समुद्रात घुसलाय, त्यामुळे लाट वळसा घालून येईपर्यंत दमलेली असते. शिवाय तिथे लाइफगार्ड वर्षभर असतात, लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, बाबांना एवढं एकच वाक्य पाठ करायला लावा. तेही जास्त वाटत असेल तर नूसाविलला नदीकाठी राहा, गिम्पी टेरेस म्हणून रस्ता आहे, सगळं सपाट, बाकडी, झाडं, पाणी एकदम तळ्यासारखं. माझी सासू तिथे चार दिवस नुसती पेलिकन बघत बसली होती, इतकी खूश मी तिला आमच्या घरी कधी पाहिली नाही.

नॅशनल पार्कमध्ये सुरुवातीची पायवाट सोपी आहे, आईंना हळूहळू जमेल. कोआला बघायचे असतील तर झाडं शोधत बसू नका, माना वर करून उभ्या असलेल्या माणसांचा घोळका शोधा. फक्त सकाळी सातच्या आत पोचा, नंतर तिथे पार्किंग मिळणं आणि दादरला रविवारी पार्किंग मिळणं यात काडीचा फरक नाही.

अजून एक, सूर्यास्त. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, बुडतो मात्र मागे जमिनीवर, आणि आपल्या कोकणातल्या माणसाला हे फार खटकतं. नूसाला थंडीत मेन बीचवर उभं राहिलं तर पाण्यापलीकडे सूर्य मावळताना दिसतो. पण पाच वाजताच हां, सव्वापाचला दिवे लागतात.

ओहोटी

बापू, सगळं बरोबर पण जुलैच्या सुट्टीत नूसाला अर्धं मेलबर्न आलेलं असतं आणि भाडी अव्वाच्या सव्वा. ताई शांत म्हणताहेत ना, मग हर्वी बे. ब्रिस्बेनहून २९० किमी, साडेतीन तास, मधे गिम्पी गावात चहा.

आमचे आजोबा हर्णैचे, ते कुठल्याही किनाऱ्यावर गेले की पाण्याकडे नंतर बघायचे, आधी विचारायचे, "समोर आडोसा कसला?" बीच निवडताना फोटो बघूच नका, नकाशा उघडा आणि हाच प्रश्न विचारा. हर्वी बेच्या समोर क्गारी आहे (आधी फ्रेझर आयलंड म्हणायचे, २०२३ मध्ये मूळ नाव अधिकृतपणे परत दिलं), जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, सव्वाशे किलोमीटर लांब. एवढी भिंत समोर असल्यावर पॅसिफिकची लाट येणार कुठून. नेहमीच्या दिवशी पाणी नुसतं चुळुक चुळुक करतं. मुलांना सोडा बिनधास्त, अर्थात लक्ष ठेवून.

तोटा पण सांगते. सर्फ नाही म्हणून तरुण मंडळी नाकं मुरडतात, आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पोहायला जायचं म्हणजे आधी चालायला जायचं. पण मुलांची मजा तेव्हाच. ओल्या वाळूवर निळ्या गोट्यांएवढ्या खेकड्यांची पलटणच्या पलटण चालत असते, जवळ गेलं की गोल गोल फिरत वाळूत स्वतःला स्क्रूसारखं पिळून गायब. सोल्जर क्रॅब म्हणतात. माझा मुलगा दोन तास त्यांच्यामागे होता, आयपॅडची आठवणसुद्धा नाही.

पियाल्बापासून उरंगनपर्यंत पाण्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, एक पायरी नाही. आणि उरंगनचा धक्का! साखर आणि लाकूड बोटीत चढवायला बांधलेला, १९१७ मधला, तेव्हा किलोमीटरहून लांब होता, आता ८६८ मीटर उरलाय. बाबांना तिथे गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये सोडून या, जेवायला बोलवायला जावं लागेल.

चकलीची_भाजणी

आडोशाचं पटलं, पण त्याला एक पुरवणी जोडते कारण आम्ही त्यातच फसलो होतो.

कलाउंड्राला बुलकॉक बीच आहे, समोर ब्रायबी आयलंडचं टोक, म्हणजे आडोसा आहेच. पाणी हिरवंगार, लाट शून्य, काचेसारखं. आम्ही म्हटलं वा, हे तर बाथटब. नवरा आणि मुलगी (तेव्हा ८ वर्षांची) कमरेएवढ्या पाण्यात रिंग घेऊन खेळत होते आणि मी काठावर बसून काकडी चिरत होते. मान वर केली तर दोघं होते त्या जागेपासून निदान पन्नास मीटर डावीकडे. मला वाटलं मुद्दाम गेलेत. परत बघितलं तर अजून पुढे, आणि नवऱ्याचा चेहरा असा झालेला की तो चेहरा मी त्याच्या ड्रायव्हिंग टेस्टनंतर पहिल्यांदाच बघत होते. ओहोटी लागली होती, ती जागा म्हणजे खाडीचं तोंड, सगळं पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर ओढलं जातं, लाट नसली तरी ओढ भयानक. एका पॅडलबोर्डवाल्या आजोबांनी दोघांना बोर्डाला धरून काठाला आणलं, वर शांतपणे म्हणाले, ही खाडी आहे, तलाव नाही. काकडी तशीच राहिली.

तर समोर आडोसा आहे का हे बघा आणि जवळ खाडीचं तोंड तर नाही ना हेही बघा. लाट दिसते, ओढ दिसत नाही. तिकडे किनाऱ्याचा आकारही बदलत असतो, २०२२ च्या जानेवारीत समुद्राने ब्रायबीचं उत्तरेकडचं टोक फोडून नवीन वाट केली आणि आतल्या पाण्याची सगळी गणितं बदलली, त्यामुळे "आम्ही दहा वर्षांपूर्वी गेलेलो तेव्हा छान होतं" असल्या सल्ल्यांवर जाऊ नका. कलाउंड्रालाच जायचं झालं तर किंग्ज बीच, तिथे लाइफगार्ड आहेत आणि शेजारी खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा स्विमिंग पूल आहे. तुमच्या बाबांना त्या पुलात घाला, खारं पाणी म्हणजे समुद्रच असं सांगायचं.

नुसतीच_वाचक

पाणी जुलैत किती गार असतं पण? समुद्रावर जाऊन पोहायचं नसेल तर एवढा खर्च कशाला?

बापू_ब्रिस्बेनवाले

वीस-एकवीस डिग्रीच्या आसपास. ब्रिस्बेनची माणसं "फ्रीझिंग" म्हणतात आणि व्हिक्टोरियाची माणसं उड्या मारतात. दुपारी हवा बावीसपर्यंत जाते, सकाळी मात्र स्वेटर लागतो. ऊन कोवळं वाटतं पण जुलैतही सनस्क्रीन आणि टोपी लागतेच, मी स्वतः भाजून घेतलंय. थंडीचा एक फायदा म्हणजे ब्लूबॉटल कमी असतात, ती निळ्या फुग्यासारखी जेली, उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की किनाऱ्यावर खच पडतो. चावलीच तर गरम पाणी, सोसवेल इतपत, वीस मिनिटं. व्हिनेगर नाही.

गुहागर_ते_जिलाँग

बापरे, किती छान माहिती! भाजणीताई, तुमचा किस्सा मी मुद्दाम बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं उत्तर, "गुहागरात असं होत नाही." मग आई स्वयंपाकघरातून म्हणाली की होतं, तुमच्याच चुलत्याला कोळ्यांनी ओढून काढलं होतं असगोलीच्या बाजूला. ही गोष्ट मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळतेय.

हर्वी बे जवळजवळ नक्की. तिथे व्हेल दिसतात म्हणे, ती बोट आईला झेपेल का?

मळमळे_काका

तुम्ही जाताय जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा हर्वी बेला व्हेलच्या बोटी साधारण सुरूच झालेल्या नसतात, त्या जुलैच्या उत्तरार्धात सुरू होतात. हंपबॅक आधी अंटार्क्टिकाकडून उत्तरेला जातात आणि परतीच्या वाटेवर क्गारीच्या आतल्या बाजूला, प्लॅटिपस बेमध्ये, विश्रांतीला थांबतात. पिल्लं घेऊन आलेल्या आया बघायच्या असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर. जाताना मात्र जून-जुलैमध्ये त्या नूसाच्या टोकावरून दिसतात, लांबून, पाण्याचा फवारा आणि कधी शेपटी. म्हणजे हर्वी बेला जाताना वाटेत नूसाला थांबा, डोंगराच्या टोकावर अर्धा तास उभे राहा. फुकट, आणि जमीन हलत नाही.

जमीन हलत नाही हे मी अनुभवाने लिहितोय. आम्ही सप्टेंबरमध्ये हर्वी बेहून गेलो होतो अर्ध्या दिवसाच्या बोटीवर. आतलं पाणी शांत असतं हे खरं, पण त्या दिवशी वारा होता आणि मी सकाळी हिने केलेले पोहे दोन प्लेट खाल्ले होते. पुढचं सांगत नाही. मादी आणि पिल्लू बोटीपाशी आलं, सगळे डाव्या कठड्याला, फोटो, किंचाळ्या, आणि मी एकटा उजव्या कठड्याला. माझ्याकडे व्हेलचा एकही फोटो नाही. बायकोकडे माझा आहे. आलेपाक बरोबर ठेवा, गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून बोट सुटायच्या आधीच घ्यायची, नंतर काही उपयोग नाही.

ओहोटी

काका 😂😂

ताई, साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट सगळं घरूनच न्या, छोट्या गावात आयत्या वेळी शोधत बसू नका. मासे खाणारे असाल तर स्पॅनिश मॅकरेल मागा, ती आपली सुरमईच.

गुहागर_ते_जिलाँग

परत आलो! उशिरा लिहितेय, सॉरी, धुणी संपेचनात.

हर्वी बेला पाच रात्री, आणि मळमळेकाकांचं ऐकून जाताना एक रात्र नूसाविल. व्हेल दिसला, म्हणजे मुलीला दिसला, मला फवारा दिसला आणि आईला "काहीतरी काळं". तेवढ्यावर तिने फोनवरून अख्ख्या चिपळूणला कळवलं. खडकांवर केवड्यासारखी झाडं बघून ती वास घेत हिंडत होती, पॅन्डॅनस म्हणजे केवड्याचा भाऊबंदच निघाला.

आषाढीला आईने बीचवर थालीपीठ लावलं, उपासाच्या भाजणीचं. तिथे काठावर कौन्सिलचे फुकट इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात ना, बटन दाबलं की प्लेट तापते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होते. प्लेटवर आधी कुणी सॉसेज भाजलेली असणार म्हणून आईने फॉइलचे तीन थर घातले, वर तूप सोडलं, आणि प्रत्येक वेळी मधेच बंद पडलं की माझा मुलगा पळत जाऊन बटन दाबायचा. पाचव्या थालीपिठाला शेजारच्या टेबलावरची दोन कुटुंबं चौकशीला आली. आईचं इंग्लिश म्हणजे "फास्टिंग. गॉड. टेस्टी." पुरलं.

बाबा. पहिल्या दिवशी हात पाठीमागे बांधून पाण्याकडे बघत उभे होते, मला वाटलं आता उतरतात आणि आता भांडण. तर ते वळून मागच्या झाडाखाली गेले, खालून एक काटेरी बोंड उचललं, बोटांत फिरवलं, आणि म्हणाले, "अगं हा सुरू आहे. हा आपल्याकडून आणला वाटतं यांनी." नवऱ्याने फोनवर शोधून सांगितलं की उलट, सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, आपल्या किनाऱ्यावर नंतर लावलेला. बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. पाचही दिवस ते धक्क्यावर गळवाल्यांशेजारी बसून होते, पोहायला एकदाच उतरले, तेही नातवाने हात धरून नेलं म्हणून, गुडघाभर.

बोंडं त्यांनी खिशात भरून आणलीत. भारतात न्यायची म्हणताहेत, एअरपोर्टवर चालतात का हो?