हिंजवडी सोडून गावात प्रोग्रामिंगवर घर चालतं. चालवून दाखवलंय.

काटा_करेक्ट:
अकरा वर्षं हिंजवडीत जावा लिहिलं. खरं म्हणजे नऊच. शेवटची दोन वर्षं एक्सेलमध्ये इतरांच्या तासांची बेरीज केली, कुणाचं बिलिंग चालू आणि कोण बेंचवर, म्हणजे कामाविना बसलेला, एवढंच. २०१९ ला सोडलं. आता सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर देतो. ४७ केंद्रं आहेत, शिवाय दोन पतसंस्था. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे, केंद्रामागे वर्षाला सहा हजार.

काम काय? फॅट-एसएनएफ, म्हणजे दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक, मोजायचं मशीन आणि वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायचा, दरपत्रक बसवायचं, पावती काढायची, दर दहा दिवसांनी पेंड आणि उचल कापून बिल करायचं. सोपं वाटतं. एकदा पहाटे साडेपाचला फोन: "साहेब, फॅटच येईना." बाहेर तीस माणसं किटल्या घेऊन उभी. सगळं तपासलं. शेवटी कळलं, झाडताना कुणीतरी यूएसबीची पिन काढून शेजारच्या भोकात घातली होती. मशीन ज्या पोर्टवर म्हणजे जोडणीवर दिसायचं, त्याचा नंबर तीनचा सात झाला! त्या दिवसापासून माझा प्रोग्राम पोर्ट स्वतः शोधतो.

२०२४ ला सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं, तेव्हा गाईच्या कानातला बिल्ला, आधारला जोडलेलं खातं, सगळी माहिती ठरलेल्या साच्यात पाठवायची होती. चार रात्री जागून ते करून दिलं. ज्याच्या खात्यात पैसे आले तो दुसऱ्या दिवशी समोर भेटतो. पुण्यात माझा कोड कोण वापरतं हे मला अकरा वर्षांत कळलं नाही.

तेव्हा पुण्यात कुढत बसलेल्यांनी गावाकडे बघावं, असं माझं मत.

मुळशी_रोड:
४७ गुणिले सहा हजार म्हणजे दोन लाख ब्याऐंशी हजार. फ्रेशरचं पॅकेज पंधरा वर्षं तीन-साडेतीन लाखांवर अडकलंय म्हणून आपण कंपन्यांना शिव्या घालतो, आणि तुम्ही अनुभव घेऊन त्याच्याही खाली गेलात, वर आम्हाला या म्हणताय. माझ्या आईची अँजिओप्लास्टी कंपनीच्या विम्यात झाली. तुमच्या सत्तेचाळीस केंद्रांतलं कुठलं केंद्र विमा देतं? पीएफ कोण भरतं?
हिंजवडीचा ट्रॅफिक मलाही आवडत नाही. पण एक तारखेला मेसेज येतो.

काटा_करेक्ट:
पतसंस्थांचे आणि नवीन बसवण्याचे पैसे वेगळे, ते धरले नाहीत तुम्ही. आणि एक तारखेचा मेसेज किती एक तारखांना येणार हे तुमच्या हातात आहे का?

शेवंती:
नाही. माझा गेल्या वर्षी थांबला. वय त्रेचाळीस. एचआरची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, रडवेली तीच झाली होती. लॅपटॉप त्याच दुपारी काढून घेतला. मी सोडायचं म्हटलं असतं तर नव्वद दिवसांची नोटीस, त्यांना मात्र तीन तास पुरले.
तरीही काटाभाऊ, मी गावी जाणार नाही. माझं टेस्टिंगचं काम, त्याला गावात कोण पैसे देणार? सध्या बाहेरच्या एका कंपनीचं कंत्राट घरून करते. पैसे बरे मिळतात, पण गृहकर्जाला बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली. नोकरीत असताना हीच बँक स्वतः फोन करून कर्ज घ्या म्हणायची.

बायनरी_बाबू:
दोघेही जुन्या गोष्टीवर भांडताय. असलं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आता कॉलेजचं पोरगं एआयला सांगून आठवड्यात उभं करील.

काटा_करेक्ट:
करू दे की. पहाटे साडेपाचला फोन उचलणार का तो?

मुळशी_रोड:
पोरगं जाऊ द्या. मोठा दूध संघ उद्या स्वतःचं मशीन आणि सॉफ्टवेअर फुकट देईल, दूध आम्हालाच घाला या अटीवर. मग?

काटा_करेक्ट:
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तसं झालंय. गेल्या वर्षी नऊ केंद्रं गेली, आधी छप्पन्न होती. चेअरमननं चहा पाजून सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. उरलेल्यांपैकी पाच-सहा जणांचं एएमसी दोन वर्षं थकलंय. गावात मागायला जीभ उचलत नाही, सकाळी त्यांच्याकडूनच घरचं दूध येतं.

शेवंती:
एक विचारू? राग मानू नका. घरात दुसरा पगार आहे का?

काटा_करेक्ट:
आहे. मंडळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत.

मुळशी_रोड:
मग घर कशावर चालतंय? शीर्षक बदला राव.

काटा_करेक्ट:
हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "निदान 'दाखवलंय' तरी काढा." संपादकांना विनंती, शीर्षकात 'अर्धं' घाला, 'घर'च्या आधी. एएमसीचं मात्र मी सहाचं साडेसात करणार आहे या एप्रिलपासून. बघू किती जण चहा पाजतात.