नैराश्यासाठी बाइक राइड: कुणापर्यंत पोचते?

खिंडवाट:
10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आम्ही सात जण पुण्याहून कन्याकुमारीला निघतोय. एका बाजूचे दीड हजार किलोमीटर. जॅकेटवर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14416. घरातूनच प्रश्न आला, "यानं कुणाचं डिप्रेशन जाणार?" म्हणून इथे मांडतो.

ऑस्ट्रेलियात 2009 साली स्टीव्ह अँड्र्यूज यांनी एकट्यानं मोटरसायकलवर देशाला वळसा घातला. त्यातून नैराश्याबद्दल जागृती करणारी 'ब्लॅक डॉग राइड' उभी राहिली. आपल्याकडे बापई माणूस डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, गाडीपाशी उघडतो. गेल्या वर्षी साताऱ्यापुढे माझी चेन सैल झाली. गॅरेजवाल्यानं ती ताणली, हात पुसले, टाकीवरचा स्टिकर वाचला. मग चाक नुसतंच फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, चार महिने झोप नाही. ते पण ह्यातच येतं का?"
या एका प्रश्नासाठी मी पुन्हा निघेन.

गोधडी:
माझा विरोध आहे. माझे वडील सहा वर्षं गोळ्यांवर आहेत. डिप्रेशन बघायचं तर आमच्या अंगणातली त्यांची स्प्लेंडर बघा. सीटवर कोंबडी बसते. ज्या माणसाला आंघोळीला उठवत नाही, तो किक कुठून मारणार? आणि गोळी संपली की तालुक्याला मिळेल याचा भरवसा नाही. मग एसटीनं जिल्ह्याला जायचं, म्हणजे माझा दिवस बुडाला.
बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेले सुमारे 85 टक्के लोक उपचाराबाहेर होते. ते सगळे लाजेपायी बाहेर आहेत का? सात गाड्यांच्या पेट्रोलचा हिशेब करा, मग बोलू.

तिठा:
मी स्वतः रायडर आहे आणि मला डिप्रेशन आहे. "पहाडात जा, सगळं निघून जाईल" असं ग्रुपवर ऐकलं, दोन महिन्यांत गोळ्या मनानंच बंद केल्या आणि लेह गाठलं. तिथे बरं वाटलंही. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा खोल गेलो. या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू. राइड जरूर काढा, पण राइड म्हणजे उपचार असं चुकूनही लिहू नका.

खिंडवाट:
तिठा, आमच्या बॅनरवर "गाडी काढा, नैराश्य पळवा" असंच होतं. आजच काढून टाकतो.
गोधडी, औषधाचं तुमचं खरं आहे. पण तो गॅरेजवाला त्या 85 टक्क्यांतलाच असेल. आपल्याला होतंय ते दुखणं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो औषधाच्या खिडकीपर्यंत जाणार कसा?

गोधडी:
आणि तुम्ही नंबर दिल्यावर त्यानं फोन लावला का? तुम्ही तर पुढच्या टोलनाक्यावर होतात. हेच दीड हजार किलोमीटर एका जिल्ह्यात फिरा. दर ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर गोळी आहे का विचारा, नसेल तर लिहून घ्या, आणि महिन्यानं पुन्हा जा. पुन्हा जाणं महत्त्वाचं. आमच्याकडे एकदा येऊन फोटो काढून गेलेले पुष्कळ आहेत.

खिंडवाट:
त्यानं लावला की नाही, मला माहीत नाही. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही, हे आता टोचतंय. कन्याकुमारी मी रद्द करणार नाही, पण येताना त्या गॅरेजवर थांबेन. तुमचा तालुका व्यक्तिगत निरोपात कळवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं येतो, डिसेंबरातही येऊ.

गोधडी:
रविवारी ओपीडी बंद असते. दुसऱ्या मंगळवारी या, मनाचे डॉक्टर त्याच दिवशी येतात. वडिलांना घेऊन मी सकाळी नऊपासून रांगेत असते.