पाऊस, खोबरेल आणि घरात कोंडलेली मुलं

विषय: मुलांसाठी घरगुती प्रयोग – स्थायू, द्रव, वायू
प्रेषक: वहिनी, सध्या मुक्काम म्हापसा

मंडळी, नमस्कार.

डेन्व्हरहून येऊन आम्ही सध्या म्हापशाला सासरी आहोत. सुट्टी जुलैची, म्हणजे गोव्यात पाऊस कोसळतोय. समुद्रावर जायची सोय नाही, अंगणात चिखल, आणि घरात सात ते अकरा वर्षांची पाच मुलं: दोन आमची, तीन जावेची. परत गेल्यावर मंडळाच्या मराठी शाळेत प्रत्येकाला एक प्रयोग मराठीतून करून दाखवायचाय. विषय आहे पदार्थाच्या अवस्था. शोधायला गेलं की सोडा-व्हिनेगरचे ज्वालामुखीच सापडतात, आणि ते आमच्याकडे सगळ्या वाढदिवसांना होऊन गेलेत. विकतचं किट नकोय. गॅस, फ्रिज आणि सासूबाईंचं भरलेलं फडताळ एवढ्यात काय होईल?

– वहिनी

---

प्रेषक: बापूकाका, मडगाव

अगं, गोव्यात आहेस आणि प्रयोग शोधतेस? मुलांना फेणीच्या भट्टीवर ने. द्रवाचा वायू आणि वायूचा पुन्हा द्रव, सगळं डोळ्यांसमोर! ते जमत नसेल तर कापूर तापव. स्थायू थेट वायू होतो, मधे पाणी नाही की काही नाही. आणि आइस्क्रीमवाल्याकडून ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळालं तर मुलं दिवसभर जागची हलणार नाहीत.

– बापूकाका

---

प्रेषक: माई, कवळे

बापू, भट्टीचा मोसम मार्च ते मे. जुलैत तिथे थंड चूल आणि उपडी भांडी बघायला मिळतील. कापूर तापवायचा नाही, तो भसकन पेटतो आणि मुलाच्या पोटात गेला तर विषारी. डांबराच्या गोळ्यांनाही मुलांनी हात लावायचा नाही. संप्लवन, म्हणजे स्थायूचा थेट वायू होणं, दाखवायचंच असेल तर खरा कापूर काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवा आणि विसरून जा, काही दिवसांनी झाकणाच्या आत बारीक स्फटिक धरलेले दिसतील. ड्राय आइस उणे ७८ अंशांचं असतं, कातडी भाजते. कुणा मुलाने ते बाटलीत घालून बूच लावलं तर बाटली फुटेल. पाच मुलांच्या घरात ते आणू नकोस.

आता वहिनी, तुझ्यासाठी. ज्वालामुखीचा कंटाळा आला हे बरंच झालं. तो मुळात अवस्थांचा प्रयोगच नाही, त्यात नवा पदार्थ तयार होतो. मी इतकी वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं, पण तुझ्या मुलांकडे जे आहे ते माझ्या वर्गातल्या एकाही मुलाकडे नव्हतं. त्यांना दोन घरं आहेत. एक समुद्रालगत, दमट. दुसरं १,६०० मीटर उंचीवर, कोरडं. एकच प्रयोग दोन्हीकडे करायचा आणि उत्तर वेगळं का आलं ते त्यांनी सांगायचं. बाकी प्रयोग यूट्यूबवर पडलेत, हा तुमचाच असेल.

सुरुवात फडताळापासून. चार वाट्यांत खोबरेल, तूप, कोकमतेल आणि मेणबत्तीचा तुकडा घे. (कोकमतेल म्हणजे भिरंडीच्या बियांचं. टाचांना लावायला सासूबाईंकडे असेलच.) आत्ता घरात २७-२८ अंश असतील. खोबरेल पातळ, तूप धड इकडे ना धड तिकडे, कोकमतेल आणि मेण कडक. मग चारही वाट्या फ्रिजमध्ये, आणि नंतर ४५ अंशांच्या कोमट पाण्यात. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी मुलांनी पाटीवर लिहायचं की कोण वितळणार आणि कोण नाही. लिहिल्याशिवाय वाटी उघडायची नाही, हा नियम मोडू देऊ नकोस. नाहीतर झाल्यावर सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं!"

खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, कोकमतेल साधारण ४० ला, मेण पन्नाशीच्या पुढे. म्हणून इथे खोबरेलाची बाटली वर्षभर वाहती असते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेवढी थिजते. तुझ्या डेन्व्हरच्या घरात हिवाळाभर ते चमच्याने खरवडावं लागत असेल. मुलं विचारतील, "मग खोबरेल हे तेल की लोणी?" उत्तर देऊ नकोस. "कुठे?" असं उलट विचार.

याच खोबरेलात अजून एक गंमत आहे. गोठलेल्या खोबरेलाचा खडा पातळ खोबरेलात टाक, बुडतो. बर्फाचा खडा पाण्यात टाक, तरंगतो. बहुतेक पदार्थ खोबरेलासारखे वागतात, पाणीच आडमुठं. गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भर, पातळीवर खूण कर आणि रात्रभर फ्रीजरमध्ये उभी ठेव. काचेची बाटली घेऊ नकोस.

पावसाळ्याचा खास प्रयोग हा. पेल्यात गडद कोकम सरबत आणि बर्फ, वर घट्ट झाकण. बाहेरून थेंब धरतात. मुलांना विचार, आतलं पाणी पाझरलं का? पाझरलं असतं तर थेंब लाल असते. तरी काहींना पटत नाही, त्यांच्यासाठी पेला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेव. झाकण बंद असूनही आकडा वाढत जातो. हवेतली वाफ पेल्यावर येऊन बसते आणि तिचं वजन दिसतं. इथे हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा आहे, तेव्हा अर्ध्या तासात फरक कळेल. परत गेल्यावर तिकडे हाच पेला ठेवा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

– माई

---

प्रेषक: वहिनी

माई, पेल्याने घरात भांडण लावलंय! जावेचा धाकटा म्हणतो काटाच बिघडलाय. मग त्याने स्वतः एक रिकामा, कोरडा पेला शेजारी ठेवून बघितला. त्याचं वजन हललं नाही, तेव्हा गप्प झाला. तूप फ्रिजमध्ये ठेवायला सासूबाई तयार नव्हत्या, त्या आता पाटीवर अंदाज लिहायला पुढे असतात.

एक शंका आहे. आम्ही मिठाचाही घोळ घातला. सासूबाईंचं जाडं मीठ आणि दुकानातलं पिशवीचं मीठ, दोन्ही बशीत ठेवली. जाड्याला लवकर पाणी सुटलं, पण पिशवीचंही ओलं झालंच. त्यावर तर न चिकटणारं असं छापलंय! म्हणजे आमचं चुकलं का?

– वहिनी

---

प्रेषक: माई, कवळे

काही चुकलं नाही. उलट हा मला सुचायला हवा होता. निव्वळ मीठसुद्धा हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की पाणी ओढून विरघळायला लागतं. पिशवीतल्या मिठात दाणे मोकळे राहावेत म्हणून काहीतरी घातलेलं असतं, पण कोकणपट्टीच्या आषाढापुढे त्याचं काय चालणार? मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरतं. म्हणून ते आधी पाझरलं. तिकडे कोरड्या हवेत पिशवीचं मीठ जन्मात ओलं होणार नाही.

हाच प्रयोग उलटा फिरवला की मिठागर. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पेडण्यात आगरवाड्याला किंवा रायबंदरच्या रस्त्यालगत उन्हाळ्यात गेलात तर पाणी आटून मीठ धरताना दिसतं. आत्ता तिथे पाणीच पाणी. घरी ताटलीत मिठाचं पाणी ठेवून इथे वाट बघण्यात अर्थ नाही, ते आटणारच नाही. ती ताटली डेन्व्हरच्या खिडकीत ठेवा. तिथे भराभर वाळेल आणि चौकोनी स्फटिक भिंगातून दिसतील.

भट्टी बघायची हौस मात्र बापूंची आहे, ती घरीच पुरवू. मोठ्या पातेल्यात थोडं पाणी घालून त्यात आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) मिसळ. आगळ म्हणजे खारट, आंबट, लाल, तिन्ही एकदम, म्हणून तोच घ्यायचा. मधे छोट्या तिवईवर रिकामी वाटी. झाकण उलटं ठेव, मूठ वाटीवर येईल असं, आणि झाकणावर बर्फ. मंद आचेवर ठेवलं की वाफ झाकणाला लागून मुठीवरून वाटीत ठिबकते. गॅस बंद करून सगळं निवू दे, मगच मुलांना चव बघू दे. वाटीत रंग नाही, मीठ नाही, आंबटपणा नाही. भट्टीत भाणातली (रस उकळायच्या भांड्यातली) वाफ नळीतून लवणीत, म्हणजे ती धरायच्या भांड्यात, जाते आणि लवणी थंड राखतात, यंत्र तेच. मोठ्यांसाठी एवढंच की अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून वाफेत ते मुळापेक्षा जास्त चढतं. पहिल्या धारेचा हुर्राक सौम्य आणि दुसऱ्यांदा गाळलेली फेणी तिखट, ती त्यामुळे. मुलांना आगळावर थांबव.

– माई

---

प्रेषक: दादा, डेन्व्हर

माईंना साष्टांग. इथे तळघरातल्या कपाटात खोबरेल आत्ता, भर उन्हाळ्यातही, घट्ट आहे. मुलाने लगेच पाणी उकळून थर्मामीटर बुडवला, तर ९५. त्याला वाटलं थर्मामीटर बिघडला. हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, हे मी सांगितलं, पण पटलेलं दिसत नाही. काही करून दाखवता येईल का?

– दादा

---

प्रेषक: माई, कवळे

येईल. बिनसुईची मोठी सिरिंज घे. हात बुडवला तर "गरम आहे" म्हणावंसं वाटेल एवढंच पाणी, फार नको, सिरिंजमध्ये ओढ. हवा बाहेर काढ, टोक बोटाने घट्ट दाब आणि दांडा जोरात मागे ओढ. पाण्यात बुडबुडे उठतील. न तापवता. दाब कमी केला की उकळायला कमी तापमान पुरतं, हे त्याच्याच हातात घडेल. उलट्या दिशेचं उदाहरण म्हणजे आपला कुकर. शिट्टीच्या वेळी आत १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ शिजते. तुझ्याकडे कुकरशिवाय तूरडाळ शिजवायला किती वेळ लागतो ते सौ.ला विचार.

त्याच सिरिंजमध्ये नुसती हवा भरून टोक दाबून ढकलायला सांग, दांडा आत जातो. पाणी भरून ढकल, हलत नाही. सात वर्षांच्या मुलाला द्रव आणि वायू यांतला फरक सांगायला याहून जास्त बोलावं लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी माझा सगळ्यात आवडता प्रयोग, तो मात्र मोठ्या माणसाने करायचा. १०० ग्रॅम चुरलेला बर्फ बाहेर ठेवून ओलसर होऊ दे, म्हणजे तो ० अंशांवर येईल. त्यात ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी ओत आणि ढवळ. किती तापमान येईल? वर्गात पोरं हमखास ४० म्हणायची. बर्फ संपतो तेव्हा पारा ० च्या जवळपास असतो! ती सगळी उष्णता वितळवण्यातच खर्ची पडते. हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या सुमारास ओळखलं आणि तिला सुप्त उष्णता म्हटलं.

थर्मामीटर लाल स्पिरिटचा, उणे १० ते ११० अंशांचा, शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. ताप बघायचा चालणार नाही, उकळत्या पाण्यात फुटेल.

– माई

---

प्रेषक: वहिनी

माई, मोठीने तूप हा विषय घेतलाय आणि अडली आहे. खोबरेल २४, कोकमतेल ४० असं लिहिलं, तुपापुढे कुठला आकडा लिहू?

– वहिनी

---

प्रेषक: माई, कवळे

एकच आकडा नाहीच. तूप म्हणजे वेगवेगळ्या स्निग्ध पदार्थांचं मिश्रण, काही आधी वितळतात, काही मागाहून. रवाळ तुपात दाणे स्थायू आणि त्यांच्यामधलं द्रव, एकाच बरणीत. तिला म्हणावं, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी धर, दोन-दोन अंशांनी पाणी वाढव, आणि पहिला दाणा कधी वितळला आणि शेवटचा कधी, ते दोन्ही लिही. तक्त्यात "पासून-पर्यंत" असा रकाना करायचा. खरं म्हणजे खोबरेल आणि कोकमतेलालाही तोच रकाना हवा, फक्त त्यांचा पल्ला तुपाइतका लांब नाही. परीक्षकाने विचारलं तर हेच सांगू दे.

– माई