मदत हवी आहे: उन्हाळ्यात जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) पसरायच्या आतच सुकतोय

परभणीत राहतो. मुलांच्या पुस्तकासाठी देवगिरी किल्ल्याचं दोन पानी चित्र करतोय. कच्ची स्केचेस, लाइटबॉक्सवर ट्रेसिंग, वॉटरप्रूफ शाईचं रेखाटन, सगळं मनासारखं झालं. घोडं अडलंय आभाळापाशी. ३०० जीएसएमच्या कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरबरीत) कागदावर वॉश अर्ध्यात पोचेपर्यंत वरची कड सुकते आणि कडक रेघ उमटते. मोठा ब्रश घेतला, पहाटे बसलो, कागद दोन्ही बाजूंनी भिजवला. छोट्या तुकड्यावर जमतं, पूर्ण आकारात नाही. कूलरच्या वाऱ्यानं आणखी लवकर सुकतं, आणि तो बंद केला तर घाम चित्रावर! डिजिटल रंग नकोत, मूळ चित्रच द्यायचंय. रंग उशिरा सुकावा म्हणून जलरंगात ग्लिसरीन वापरणाऱ्यांनी सांगा: वाटीभर पाण्याला किती थेंब, आणि पुढे पावसाळ्यात रंग चिकट होतो का?