पहिला ब्रेकडाऊन कोणाच्या शिफ्टला आला? खान्देशातल्या प्लँटमधल्या इंजिनिअर्सचे अनुभव

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यात ज्यांनी प्लँटमध्ये नोकरी केली किंवा करताय त्यांनी इथं लिहा. प्रोडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी, कुठलंही खातं चालेल, फक्त कंपनीचं नाव नको. सुरुवात मीच करतो.

मी जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या लाइनवर होतो, 2009 ला लागलो. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर 45 डिग्री, वरती पत्रा, आणि लाइट गेली. पीव्हीसीत लाइट जाणं म्हणजे नुसतं थांबणं नसतं, बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापलेल्या नळीत, 180 डिग्रीच्या आसपास माल बसलेला असतो, तो पुढं ढकलणारा स्क्रू थांबला की तो जागेवरच करपायला लागतो, आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा, आणि त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, नाक-डोळे असे झोंबतात की उभं राहवत नाही. जनरेटर उशिरा चालू झाला. मी थेट स्क्रू फिरवायला निघालो तर आमचे ऑपरेटर काका, पारोळ्याकडचे, त्यांनी माझा हात धरला. "साहेब, आते नही, पह्यले डाय खोला." म्हणजे आत्ता नको, आधी डाय, पाइपला आकार देणारा पुढचा साचा, खोला. पुढं करपलेल्या मालाचा बुच बसलेला, मागून प्रेशर दिलं असतं तर गिअरबॉक्सच गेला असता. मग डाय खोलली आणि पितळी पट्टीने खरवडत बसलो. पितळीच का, तर लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लागला की डायच्या क्रोमवर ओरखडा पडतो आणि तीच रेघ पुढच्या प्रत्येक पाइपवर उमटते. काका खरवडायचे, बोट फिरवायचे, पुन्हा खरवडायचे. पहिला चांगला पाइप रात्री साडेअकराला निघाला. कॉलेजच्या चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

---

मी टेक्सटाइलची, तापीकाठच्या एका सूतगिरणीत सहा वर्षं होते. आमच्याकडे ब्रेकडाऊन मशीनला कमी आणि हवेला जास्त. रिंग फ्रेमला, म्हणजे सूत कातायच्या मशीनला, हवेत 55 ते 60 टक्के आर्द्रता लागते आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारची हवा पापडासारखी कोरडी. हवेत ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लँटचा एक पंप जरी बंद पडला तरी अर्ध्या तासात धागे तुटायला लागायचे, रोलरला कापूस गुंडाळायचा, आणि सायडर बायका, म्हणजे फ्रेमवर तुटलेले धागे जोडणाऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सांधे मारत पळायच्या. एकीची बोटं मी जवळून पाहिली होती, तर्जनीच्या टोकाची कातडी सुताने घासून गुळगुळीत झालेली. मी पंपाच्या स्टँडबायसाठी तीन वेळा नोट टाकली, मंजूर झाली ती चौथ्या उन्हाळ्यात. तोपर्यंत प्रॉडक्शन कमी का म्हणून बोलणी त्या बायकांनीच खाल्ली, याचा राग मला अजून आहे. दुसरं म्हणजे तेव्हा फॅक्टरी ॲक्टच्या कलम 66 मुळे बायकांना रात्रपाळी नव्हती, त्यामुळे रात्री काय बिघडलं ते मला सकाळी लॉगबुकातूनच कळायचं, आणि लॉगबुकात सगळं लिहीत नाहीत हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

---

ताई, लॉगबुकाचं अगदी खरं.

मी साखर कारखान्यात, मिल हाऊसला. गळीत हंगाम ऐन भरात, जानेवारीची थंडी, रात्री दोनला मिलचं ब्रास, म्हणजे रोलरचं बेअरिंग, गरम झालं, कूलिंगच्या पाण्याची लाइन चोकअप झालेली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यापण नाही. मिल बंद. गव्हाणीत ऊस तसाच, आणि यार्डात बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ऊस तुटला की वजन आणि साखर दोन्ही घटायला लागतं, म्हणजे माझे नऊ तास बंद म्हणजे शेतकऱ्याचं वजन गेलं आणि टोळीची दुसरी खेप गेली. सकाळी बाहेर आलो तर एक गाडीवान बैलांच्या अंगावर गोणपाट टाकून शेकोटीपाशी बसलेला, त्यानं फक्त विचारलं, भाऊ, कधी चालू होईन? त्याच्या मांडीवर पोरगी झोपलेली होती. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टला चार्ज घेतला की आधी बेअरिंगच्या पाण्याला हात लावून बघतो, मग सही.

---

चाकणला पाच वर्षं काढून परत आलो, वडिलांची रावेरला केळी आहे. इकडे पगार कमी मिळतो, आणि वाईट वाटतं ते याचं की त्याच कामाला तिकडे दोन इंजिनिअर अन् इकडे एकालाच दोन लाइनी. बाकी सवडीने लिहितो. पाइपवाले दादा, ते काका आता कुठं असतात?

---

2019 ला रिटायर झाले. गावीच आहेत. तीस वर्षं त्या धुरात काढली आणि हातात ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेची, पेन्शन महिन्याला दोन हजाराच्या आत. दिवाळीला गेलो होतो, तर चहा व्हायच्या आधी विचारलं, चार नंबरची डाय बदलली का अजून तीच आहे.