ताडोबाला म्हणे एसटीनं जा!

धरमपेठकर:
परवा इथं एकानं लिहिलं, "ताडोबाला जाणाऱ्या नागपूरकरांनी कार घरी ठेवावी, एसटीनं चिमूरला उतरावं. नाहीतर निसर्गप्रेमाच्या गप्पा मारू नयेत." डोकंच फिरलं. भाऊ, तुम्ही शेवटचे एसटीत कधी बसलात? ताडोबाचं कोलारा गेट इथून १०० किलोमीटरच्या वर. उमरेड, भिसी, चिमूर करत सकाळच्या सफारीला सहाच्या आत पोचायचं तर आम्ही रात्री तीनला निघतो. आई ७१ वर्षांची. थर्मास, चादर, गुडघ्याचा पट्टा. चिमूर स्टँडवरून पुढं तिला खांद्यावर नेऊ का? आमची एक वॅगनार डोळ्यात खुपते, गेटच्या तोंडाशी बांधलेल्या रिसॉर्टांचे स्विमिंग पूल नाही खुपत?

पानगळ:
लिहिणारा मीच. आईंना नेऊ नका असं कुठं म्हटलं? शनिवारी गेटसमोर उभं राहून बघा. एमएच ३१, एमएच ४९, अर्ध्या गाड्यांत दोनच माणसं, एसी सुरू ठेवून झोपलेली. आत सफारीच्या उघड्या जिप्सीत सहा जण मुकाट्यानं बसताच ना? मग गेटापर्यंत काय होतं? रात्री अडीचला नागपूरहून एक मिनीबस सोडा, सफारीच्या बुकिंगमध्येच तिकीट. पेंचच्या जंगलात ४४ नंबर हायवेखालून जनावरांना जायला रस्ते तरी केले. चिमूरच्या रस्त्यावर चिरडलेलं रानमांजर मी स्वतः उचलून बाजूला ठेवलंय.

तर्री_जास्त:
मिनीबस राहू द्या. ३१ डिसेंबर २०२४ विसरले का सगळे? उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव गेटला, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ते पर्यटक एसटीनं आले असते तर वाघीण सुटली असती का? आधी गाइड-ड्रायव्हरांना शिस्त लावा.

कोलाराचा_पोऱ्या:
आले शेवटी गाइडवरच! मी त्याच धंद्यातला हाव. जिप्सी पुढं घे म्हणते कोण? मागच्या सीटवरचे एक काका, हातभर लेन्स, पाचशेची नोट दाखवून राहिले, "घाल ना बे पुढं." मी नाही घातली. उतरताना नोट खिशात परत, वरून तक्रार, गाइड उर्मट आहे म्हणून. वाघ नाही दिसला तं तोंडं अशी करतात, जसा मीच त्याले लपवून ठेवला. निलंबन आमचं होते, काकाले काय होते?

तर्री_जास्त:
काकांचं रडगाणं पुरे. ब्रेक कोणाच्या पायाखाली होता? आणि आत मोबाइल बंद, तरी एकाला वाघ दिसला की दहा मिनिटांत साऱ्या जिप्स्या कशा जमतात?

कोलाराचा_पोऱ्या:
जनावरांचा कॉल ऐकून! चितळ ओरडलं की आम्ही थांबतो, कान असले तं ऐकू येते. तुमचे पाहुणे तेव्हा चिप्सचा पुडा फोडत असतात. घरी बसून शिकवू नका.

धरमपेठकर:
मला भांडायचं होतं एसटीशी, पण आता सांगूनच टाकतो. बंगळुरूहून साडू आले होते, त्यांच्यासमोर इभ्रत राहावी म्हणून मी ड्रायव्हरच्या हातात हजार ठेवले. वाघ दिसला. रस्ता ओलांडायला तीनदा पुढं आला, तीनदा मागं फिरला, कारण मधे आमचीच जिप्सी. तो फोटो हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. आई पाहुण्यांना दाखवते, तेव्हा मी पाणी प्यायला उठतो.

तर्री_जास्त:
घ्या! काका सापडले.

पानगळ:
चला, वाघ दिसो न दिसो, टिप सारखीच, गेटवर पावती फाडून. यावर तरी एकमत? धागा बसचा होता, आठवण म्हणून सांगतो.

कोलाराचा_पोऱ्या:
पावतीचे पैसे आमच्यापर्यंत पोचले तं मान्य. बसही आणा, पण रिसॉर्टवाल्याची नको, गावातल्या पोराची आणा. आन् भिसीले थांबा द्या. पहाटे चहावाला तुमच्याच गाड्यांसाठी भट्टी पेटवून बसते, त्याच्या पोटावर पाय नको.

धरमपेठकर:
ठीक आहे, महाराज. रविनगर चौकातून सुटणार असेल आणि आईला खिडकी मिळणार असेल, तर एकदा येऊ. पण वॅगनार मी विकणार नाही, सांगून ठेवतो.

पानगळ:
नका विकू. मंगळवारी ताडोबा बंद असतं, त्या दिवशी फिरवा.