१०० सीसी मोटारसायकलवर चार्जिंगचे सॉकेट बसवताना: छोटी बॅटरी, खारी हवा आणि पावसाळा

पिग्मीची_फेरी

सर्वांना नमस्कार. मी गुहागर तालुक्यात एका पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करतो. सकाळी निघून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असे करत तवसाळपर्यंत जातो आणि आठवड्यातून दोनदा फेरीबोटीने गाडीसह जयगडला उतरतो. पूर्वी वही आणि पावतीपुस्तक पुरत असे. आता प्रत्येक भरणा मोबाइलवर नोंदवून छोट्या प्रिंटरवर पावती काढून द्यावी लागते. डोंगरकुशीतल्या वाड्यांत रेंज इतकी क्षीण असते की फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत त्याची बॅटरी संपत आलेली असते.

गाडी २०१५ सालची, १०० सीसी, कार्ब्युरेटरची, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली आहे. बॅटरीवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवर असे छापलेले आहे. गेल्या मे महिन्यात एका गॅरेजमध्ये हँडलवर यूएसबी सॉकेट बसवून घेतले. तेथील कारागिराने हेडलाइटच्या मागे हॉर्नच्या तारेला पीळ देऊन जोड मारला आणि वर काळी टेप गुंडाळली. जुलैमध्ये हेदवीच्या उतारावर भर पावसात फ्यूज उडाला आणि हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा हे तिन्ही एकदम बंद पडले. इंजिन चालू राहिले, म्हणून घर गाठता आले. टेप सोडवून पाहिली, तर तांब्यावर हिरवी भुकटी चढली होती आणि उघडी पडलेली तार लोखंडी पट्टीला घासत होती.

आता हे काम पुन्हा, पण नीट करायचे आहे. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी की चावीच्या मागून, म्हणजे चावी चालू असतानाच वीज येणाऱ्या तारेवरून? रिले (छोट्या प्रवाहाने मोठ्या प्रवाहाची वाट उघडणारा स्विच) लागेल का? फ्यूज किती अँपिअरचा असावा? आणि एवढीशी बॅटरी हा भार सोसेल का?

तारजोड

मी रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे आपण वर्णन केलेली हिरवी भुकटी माझ्या रोजच्या पाहण्यातली आहे. आपल्या चार प्रश्नांपैकी भाराचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. फोनला १० वॅट आणि प्रिंटरला ५ वॅट धरले आणि सॉकेटमधील रूपांतरात वाया जाणारी वीज त्यात मिळवली, तर एकूण १८ वॅटच्या आसपास, म्हणजे साधारण दीड अँपिअर प्रवाह लागतो. इंजिन चालू असताना एवढा भार आपली गाडी सहज उचलते. त्यासाठी ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज पुरे आहे आणि तो सॉकेटजवळ नव्हे, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. त्याच्या अलीकडे तार जेवढी लांब, तेवढी ती उघड्यावर.

रिले चालू करण्यासाठी चावीच्या मागून सिग्नल घेणार असाल, तर एक गोष्ट आधी तपासा. आपल्या काळातील अनेक १०० सीसी गाड्यांत हेडलाइट आणि टेल-लाइट बॅटरीवर नसून मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) एसी प्रवाहावर चालतात. टेल-लाइटची तार हाताशी येते म्हणून पुष्कळ जण तिलाच जोड मारतात. मग रिले थरथरत राहतो किंवा मुळीच ओढत नाही आणि दोष मात्र सॉकेटला दिला जातो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा हे डीसीवर असतात. मागच्या ब्रेकच्या स्विचकडे चावीवरून येणारी तार साइड पॅनेलच्या जवळून जाते. रिलेला सिग्नल देण्यासाठी ती सोयीची. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमधून आलेली तार रिलेच्या ३० क्रमांकावर, सॉकेटची ८७ वर, ब्रेक-स्विचची ८६ वर आणि ८५ बॅटरीच्या नेगेटिव्हला, अशी जोडणी करा. सॉकेटची नेगेटिव्ह तारसुद्धा थेट बॅटरीपर्यंत न्या. चॅसीवर अर्थ घेतला, तर आपल्या किनाऱ्यावर त्या बोल्टखाली दुसऱ्या पावसाळ्यात गंज धरतोच.

खरा जीव आहे तो जोडात. पीळ देऊन टेप लावणे हा जोड नव्हेच. तो पाण्याला दिलेला आसरा आहे. टेपचा गोंद उन्हात पातळ होतो, कड सुटते, खारे पाणी आत ओढले जाते आणि मग बाहेर पडत नाही. शिवाय त्या ओल्या जोडातून प्रवाह वाहत असतो, तेव्हा मिठाच्या पाण्यात पॉझिटिव्ह बाजूचे तांबे अक्षरशः विरघळत जाते; नुसत्या पावसाने वर्षभरात होणारी झीज प्रवाह असताना काही आठवड्यांत होते. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली १ चौरस मिलिमीटरची तार घ्या, योग्य पक्कडीने लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दाबून बसवा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. केवळ डाग देऊन (सोल्डर करून) भागवू नका, कारण डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. सीलबंद करण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन अनेक जण भरतात. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ज्या तांब्याला वाचवायचे, त्यालाच खाते.

खाजणकाठ

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत. पण आधी सॉकेट हवेच का, हे विचारावेसे वाटते. आपली बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवर आहे, म्हणजे तिच्यात ३६ वॅट-अवर ऊर्जा मावते. बाजारात मिळणाऱ्या १०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-अवर मावते. ज्या वस्तूच्या जिवावर गाडी सुरू व्हायची, ती खिशातल्या पॉवर बँकेएवढीच आहे, हे एकदा लक्षात आले की हार्नेसला (गाडीच्या तारांच्या जुडग्याला) हात लावण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो. पॉवर बँक पावसात प्लास्टिकच्या पिशवीत राहते आणि तिने कोणाचा फ्यूज उडत नाही.

दुसरे असे की, पिग्मीच्या फेरीत गाडी चालते कमी आणि थांबते जास्त. एका सेल्फला ५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद लागतो असे धरू. दिवसाला साठ घरे, म्हणजे साठ सेल्फ. त्यांचा हिशेब १.६७ अँपिअर-अवर होतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक बॅटरी. ती दोन घरांमधल्या चालण्यात भरून निघायची असते आणि आता त्याच भरपाईतून फोन व प्रिंटरही जेवणार. सॉकेट बसवायचेच असेल, तर निदान सकाळची पहिली आणि जवळजवळच्या घरांमधली सुरुवात किकने करावी.

रिलेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दीड अँपिअरसाठी रिले म्हणजे पाच-सहा जास्तीचे जोड आणि खाऱ्या हवेत प्रत्येक जोड म्हणजे गंजाला एक नवी जागा. त्याची कॉइलही दीड-दोन वॅट खाते. त्यापेक्षा ब्रेक-स्विचच्या त्याच तारेवरून फ्यूज घालून सरळ सॉकेटला वीज दिली, तर चावीच्या संपर्कांना काही जड नाही.

तारजोड

दीड अँपिअर चावीला जड नाही, हे खरे आहे. माझा आग्रह भारासाठी नसून वेगळेपणासाठी आहे. गाडीत मुळात एकच फ्यूज. सॉकेटची वाट स्वतंत्र असली, तर तिथे काहीही बिघडले तरी ब्रेकचा दिवा जळत राहतो. हेदवीच्या उतारावर जे झाले, ते पुन्हा होऊ नये एवढाच हेतू. आपण सांगितल्याप्रमाणे त्या तारेवर छोटा फ्यूज घातला, तर तोही हेतू बऱ्याच अंशी साधतो. मात्र तो मूळ फ्यूजच्या आधी उडेल असा, म्हणजे २ किंवा ३ अँपिअरचाच असावा. रिले घ्यायचा असेल, तर तारा मुळातच बाहेर काढलेला सीलबंद प्रकार घ्या आणि साइड पॅनेलच्या आत तोंड खाली करून बसवा.

थेट बॅटरीवर, चावीशिवाय मात्र जोडू नका. ज्या सॉकेटवर व्होल्टचे आकडे किंवा निळा दिवा असतो, ते फोन लावलेला नसतानाही प्रवाह घेते. तो २० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर होतो. गणपतीत चार-पाच दिवस गाडी अंगणात उभी राहिली की ३ अँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ संपते.

लाल_माती

हा धागा वाचून कोणी नव्या गाडीवर हात चालवू नये, म्हणून एवढेच लिहितो. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत इंधन-इंजेक्शन आणि त्याचा नियंत्रक असतो. तिथे सेन्सरची बारीक तार आणि चावीची तार चुकून एक समजली, तर गाडी जागेवरच बसते. शिवाय मूळ हार्नेस कापलेला दिसला की वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. अशा गाडीवर कंपनीने दिलेला कनेक्टर असेल तरच तो वापरावा.

पिग्मीची_फेरी

सर्वांचे मनापासून आभार. आपण दोघांनी सांगितलेले थोडे थोडे घेतले. रिले लावला, पण सॉकेट हँडलवर न ठेवता टाकीवरच्या पाऊचमध्ये ठेवले. हँडलवर असताना रबराचे झाकण केवळ चार्जिंग बंद असेपर्यंत उपयोगी पडत असे; केबल लावली की ते उघडेच. पाऊचमध्ये आणखी एक सोय अशी की हँडल पूर्ण वळवले तरी तार ताणली जात नाही. पहिल्या वेळी ती ताणली जात होती, हे मला आता कळते. तार सीटखालून आणून पाऊचच्या तळाशी वरून खाली येईल असा झोल दिला आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता झोलाच्या टोकाला गळून पडते.

मल्टिमीटरने मोजले: चावी बंद असताना १२.६ व्होल्ट, दोन्ही वस्तू जोडून इंजिन आयडलला असताना १२.९ आणि थोडी रेस दिल्यावर १३.८. बोलत उभा असताना चावी काढून खिशात टाकण्याची सवय लावून घेतो आहे, कारण इंजिन बंद आणि चावी चालू अशा स्थितीत अर्धा तास गेला, तर बॅटरीचा चौथा हिस्सा जातो, हा हिशेब आता मलाही करता येतो. पॉवर बँकही घेतली आहे. ती जयगडच्या फेरीच्या दिवशी सोबत असते.

एक शंका राहिली. बॅटरीच्या दोन्ही टोकांना पेट्रोलियम जेली लग बसवण्यापूर्वी लावायची की नंतर?

तारजोड

नंतर. आधी टोक आणि लग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, स्क्रू घट्ट आवळा आणि मग वरून जेलीचा थर द्या. फेरीबोटीवर लाटेचे पाणी गाडीवर उडाले असेल, तर घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने गाडी धुवून वाळवा. मिठावर जेली फासली, तर मीठ आतच राहते.